परिसर हेच पाठ्यपुस्तक

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती. कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या तिथीवरून समुद्र ओळखत आला. चंद्र, पृथ्वी आणि भरती-ओहोटीचं हे विज्ञान मुंबईच्या शीव कोळीवाड्यातल्या मुलानं घरातल्या आजोबांकडून का शिकू नये?

इतिहासही इथे पायाखालीच आहे. जवळचा शीवचा किल्ला सतराव्या शतकातला. इंग्रजांच्या मुंबईची आणि पोर्तुगीजांच्या साष्टीची हद्द तो राखत होता. १९४७च्या फाळणीनंतर पंजाबी निर्वासित कुटुंबं याच भागात वसली. त्यांच्या आठवणी विचारणं, लिहून काढणं हाही अभ्यासच.

परिसरातून शिकण्याचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३६मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. पुढे १९४५मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबादला त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. शिंपले, बिया, पानं ही तिथली शैक्षणिक साधनं.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवतं. या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून शिकावं, अशी कल्पना आहे. त्या यादीत जाळं विणणारे हातही हवेत.

परीक्षा जरूर असावी. पण मुलानं काय पाहिलं, कोणाला विचारलं, हातानं काय घडवलं, यालाही प्रगतिपुस्तकात मानाची जागा मिळावी. पालकांनो, शिक्षकांनो, तसा आग्रह आपणच धरायला हवा.