दुखत नाही, म्हणूनच पाहावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. त्यानंतर चूल, मुले, शेतावरची भाकरी आणि घरातील आजारपणे, यांतच वीस-बावीस वर्षे गेली. तेव्हा अध्यक्षबाईंनी ‘कायमच्या आजाराच्या माणसांची घरी काळजी’ या विषयावर बोलायला सांगितले, त्या वेळी मी प्रथम नाहीच म्हटले. मग विचार केला की जे आपल्या हातून चुकले, ते चार बायकांना सांगितले तर त्यांच्या घरी तरी ते चुकणार नाही. म्हणून उभी राहिले आहे. काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बरीच वर्षे साखरेचा आजार आहे. गोळ्या चालू होत्या, चहात साखर घालणे मी बंद केले होते, आणि एवढे केले की आपले कर्तव्य झाले असे मी समजत होते. चार वर्षांपूर्वी माझा धाकटा मुलगा तापाने फार आजारी पडला. त्या वेळी आत्याबाईंनी तुळजाभवानीला नवस केला की पोर उठून बसला तर आश्विन पौर्णिमेला अनवाणी चालत येईन. पोर बरा झाला आणि त्या निघाल्या. आपल्या जळकोटच्या रस्त्याने आश्विनात किती माणसे अशी चालत जातात, ते आपण दरवर्षी पाहतोच. मी त्यांच्या पदरात भाकरी बांधून दिली, पाया पडले. पण ज्या पायांना हात लावला, ते पाय मात्र पाहिले नाहीत.

त्या हसतमुखाने परत आल्या. आठव्या दिवशी सकाळी अंथरूण उचलताना मला चादरीवर डाग दिसला आणि वास आला. पाहते तो उजव्या पायाच्या अंगठ्याखाली खोल जखम, आणि अंगठा काळा पडत चाललेला. मी घाबरून ओरडले, “आत्याबाई, सांगितलं का नाही?” त्या म्हणाल्या, “अगं, दुखतच नाही, तर सांगू काय?”

भगिनींनो, हे एक वाक्य मी जन्मात विसरणार नाही. सोलापूरला नेल्यावर अंगठा काढावा लागला. दोष डॉक्टरांचा नाही, देवीचा नाही, आत्याबाईंचाही नाही. तो माझ्या अज्ञानाचा होता. दुखत नाही म्हणजे बरे आहे, असेच मी समजत आले होते.

तेथे मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरबाईंनी मला समजावून सांगितले. साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की पायाच्या शिरा मंद होतात. काटा रुतला, चटका बसला, चप्पल चावली, तरी निरोप मेंदूपर्यंत जात नाही. शिवाय पायाकडे रक्तही कमी पोचते, त्यामुळे जखम भरत नाही. वेदना म्हणजे शरीराचा राखणदार आहे. आपण तिला शिव्या देतो. पण काटा रुतल्यावर जी आपल्याला खाली बसवते आणि पाय वर उचलून पाहायला लावते, ती वेदनाच. राखणदार झोपला तर घरधन्याने स्वतः जागावे लागते. म्हणजे जेथे वेदना नाही, तेथे डोळ्यांनी पहारा करावा. मला आज एवढेच सांगायचे आहे.

हे ज्ञान जगाला मिळाले ते पुष्कळसे महारोग्यांच्या सेवेतून. पूर्वी लोकांना वाटे की या रोगात बोटे आपोआप गळून पडतात. डॉ. पॉल ब्रँड हे आपल्याच देशात, तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले इंग्रज डॉक्टर. ते १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. रोग्यांचे हात त्यांनी बारकाईने तपासले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की बोटे गळत नाहीत. रोगाने स्पर्श गेलेला असतो, आणि कळत नसल्यामुळे माणूस तेच ते बोट भाजतो, चेचतो, झिजवतो. काही रोग्यांची बोटे तर रात्रीत नाहीशी होत. पहारा ठेवला, तेव्हा दिसले की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला पत्ताच नव्हता! मग त्या रोग्यांना मांजरे पाळायला देण्यात आली. आपण ज्याला दैवाचा कोप समजत होतो, त्याला एक मांजर पुरले. ज्ञान म्हणतात ते याला.

आज या रोगावर सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. अनेक औषधे एकत्र देण्याची ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सांगितली. सहा महिने किंवा वर्षभर औषध घेतले की रोग बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर लवकरच तो दुसऱ्यास लागेनासा होतो. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो पदराखाली लपवू नये. रोग बरा झाला तरी गेलेला स्पर्श पुष्कळदा परत येत नाही. म्हणून अशा बाईने तवा, पातेले उतरवताना सांडशी किंवा जाड फडके वापरावे आणि रात्री हातपाय पाहावेत. आणि आपण तिला हळदीकुंकवाला ओळीच्या शेवटी बसवू नये. तिच्या हाताने आपल्याला काही होत नाही. आपल्या वागण्याने मात्र तिला होते.

तिसरा प्रकार आपल्या भागाला चांगला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारी-सास्तूरकडे भूकंप झाला. मी तेव्हा लहान होते; पण अंगणात कुडकुडत बसलेली माणसे मला आठवतात. मेले त्यांची गणती झाली. पण दगडमातीच्या भिंतीखाली पाठीचा कणा दुखावून जे कमरेखाली लुळे झाले, त्यांचा भूकंप त्या दिवशी संपला नाही. असे माणूस, मग ते भूकंपातले असो, झाडावरून पडलेले असो की मोटारीच्या अपघातातले, एकाच कुशीवर पडून राहिले तर कंबर, टाच, नितंब येथे कातडी मरते आणि खड्डा पडतो. त्यालाही ते कळत नाही. त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, रात्रीसुद्धा. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याने दर पाव तासाने हातांवर भार देऊन बूड उचलावे. अंथरूण ओले, सुरकुतलेले नसावे. लाल डाग दिसला तर त्या अंगावर भार देऊ नये आणि चोळूही नये. डाग गेला नाही तर दवाखान्यात दाखवावे.

आता पायाची रोजची रीत सांगते. आमच्या घरी दिवेलागणीला देवापुढे दिवा लावला की आत्याबाई पाय पुढे करतात.

प्रथम पाहणे. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, सगळे. ज्याला वाकता येत नाही, त्याने जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरावा. दिसत नसेल तर घरातील पोराला पाहायला सांगावे. तांबडेपणा, फोड, भेग, सूज, काळेपणा यांपैकी काही दिसते का ते पाहावे. बायकांनी जोडवी रुतत नाहीत ना, हेही पाहावे. सूज आली की ती आधी उतरवावीत.

मग धुणे. पाणी कोमट असावे, आणि ते पायाने नव्हे, कोपराने पाहावे. पाय धुऊन मऊ कापडाने टिपावे, बेचक्या कोरड्या कराव्यात. तळव्याला खोबरेल लावावे, बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. कुरूप ब्लेडने तासू नये.

अनवाणी चालू नये, घरातसुद्धा. शेतात तर मुळीच नाही. ज्वारीची धसकटे काय असतात, हे मी तुम्हांला सांगायला नको. चप्पल घालण्यापूर्वी आतून हात फिरवावा. आत्याबाईंच्या चपलेत एकदा चूक वर आलेली सापडली; हात फिरवला नसता तर दुसरा अंगठाही गेला असता. थंडीत शेगडीशी पाय धरू नयेत, गरम पाण्याची पिशवी घेऊ नये, विटेने शेकू नये. जखम झालीच तर हळद, चुना, तंबाखू भरू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापड बांधावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि मिश्री! बायांनो, रागावू नका, पण मिश्रीतही तंबाखूच आहे, आणि तंबाखूने आधीच कमी असलेले रक्त आणखी आखडते. आत्याबाईंची मिश्री सोडवायला मला सहा महिने लागले, आणि त्या सहा महिन्यांत आमचे बोलणे फार गोड राहिले असे मी म्हणणार नाही!

एक सोपी परीक्षा आहे. साखर असलेल्या माणसाने डोळे मिटून बसावे. दुसऱ्याने त्याच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपले बोट अलगद एक-दोन क्षण टेकवावे. दाबू नये, टोचू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर राखणदार झोपू लागला असे समजावे आणि डॉक्टरांना पाय दाखवावे. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. अर्थात गोळ्या, इन्सुलिन आणि रक्ताची तपासणी यांना हा पर्याय नव्हे. ते चालूच ठेवावे.

कोणी म्हणेल, आपण अडाणी बायका, हे डॉक्टरी काम आपल्याला कसे जमावे? त्यांना मी जामखेडचे उदाहरण देते. तेथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले आणि खेड्यातल्या, पुष्कळशा निरक्षर, बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बायकांनी बाळंतपणे सांभाळली, महारोग्यांची सेवा केली, गावाला स्वच्छता शिकवली. या कामासाठी १९७९ साली डॉक्टर दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इतके लांब तरी कशाला? आपल्याच तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतल्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केले. अक्षर न येणारी बाई हे करू शकते, तर सातवी झालेलीने पाय पाहायला काय हरकत आहे?

नवसाविषयी एक शब्द. मी श्रद्धेच्या विरुद्ध बोलत नाही. माझा पोर त्या नवसाचाच आहे. पण ज्याच्या पायाला स्पर्श नाही, त्याने अनवाणी चालण्याचा नवस बोलू नये. चांगल्या चपला घालून जावे, किंवा एस.टी.ने जावे आणि तापलेल्या फरशीवर मोजे घालावेत. आई लेकराचा अंगठा मागत नाही. आत्याबाईंना हे पटायला वेळ लागला. आता मात्र आश्विनात अनवाणी निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या स्वतःच ओट्यावरून हाक मारतात, “बाई, साखर आहे का तुला? ये, पाय दाखव आधी.”

शेवटी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. संक्रांतीला आपण वाण म्हणून वाट्या, डबे, कंगवे देतो, ते कोनाड्यात पडून राहतात. या वर्षी मंडळाने वाण म्हणून हातात मावेल एवढा आरसा द्यावा. तोंड पाहायला नव्हे, तळवा पाहायला. आणि तो आरसा घ्यायला विधवा भगिनींनाही मानाने बोलवावे, कारण साखर कुंकू पाहून येत नाही. आमच्या आत्याबाई गेली अकरा वर्षे कोणाच्या संक्रांतीला गेलेल्या नाहीत. पहिला आरसा त्यांच्या हातात पडला, तर माझ्या हातून झालेल्या चुकीचे थोडेसे तरी प्रायश्चित्त झाले असे मी समजेन.

 आज घरी गेल्यावर दिवा लागला की आपल्या घरातील थोरल्या माणसाला एवढेच म्हणा, “पाय पुढे करा बघू.” एवढे सांगून मी आपली रजा घेते.

जय हिंद! जय महाराष्ट्र!