थरथरत्या हाताची गोष्ट



शिक्रापुरातल्या एखाद्या घरी दादाजानांच्या हातातली बशी थरथरते आणि आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. तो कंपवात असू शकतो. या रोगात मेंदूच्या पेशींतील अल्फा-सायन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात, पेशी मरत जातात. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. समीर माजी यांच्या प्रयोगशाळेने २०२० साली दाखवले, की हे प्रथिन आधी पाण्यातल्या तेलासारखे थेंब धरते, मग घट्ट होते. तो थेंब वेळीच रोखता येईल का? हा प्रश्न तुमच्यासाठी शिल्लक आहे. मुलांनो, मुलींनो, विज्ञान सोडू नका. आणि पालकहो, दादाजानांना डॉक्टरांकडे न्या. रोग समूळ जात नाही, पण औषधाने त्रास कमी होऊ शकतो.