शेवटच्या कडव्यातला माणूस



‘आवडता कवी प्रत्यक्ष ऐकताना’ असा विषय चालकांनी मला दिला, तेव्हा कवी कोणता हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. येडशीत वाढलेल्या आणि माझ्या वयाच्या माणसाला हा प्रश्न फारसा पडायचे कारण नाही. मी आज वामनदादा कर्डकांविषयी बोलणार आहे.

पण त्यांच्याकडे वळण्यापूर्वी, आपल्या सर्वांच्या कानावरून रोज जाणाऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपल्याकडे गाण्याच्या शेवटी कवी आपले नाव घालतो. इथून जवळच तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. त्यांच्या अभंगाच्या अखेरीस गोरा कुंभार येतो. नामदेवांच्या अभंगात नामा येतो, जनाबाईच्या अभंगात जनी, चोखोबांच्या अभंगात चोखा. पुढे शाहीर आले, त्यांनीही हा रिवाज सोडला नाही. अनंत फंदी काय, होनाजी बाळा काय, लावणी किंवा फटका कुणाचा हे शेवटाला कळते. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता; कचेरीची भाषा उर्दू, शाळेची भाषा उर्दू. त्यामुळे आपल्या जुन्या मंडळींना गझलेचा मक्ता आणि त्यातला कवीचा तखल्लुस हाही परिचयाचा होता. अभंगाची नाममुद्रा आणि गझलेचा तखल्लुस, दोन्हीकडून एकच सवय कानाला लागलेली. गाणे ऐकायचे, आणि शेवटचे कडवे आले की हा कोण बोलतो आहे ते समजून घ्यायचे.

जात्यावर दळणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी मात्र ओवीत स्वतःचे नाव घातले नाही. भावाचे घातले, लेकाचे घातले, विठोबाचे घातले. नाव घालायला आपण कुणीतरी आहोत असे आधी वाटावे लागते. हे मी जाता जाता म्हणतो, पण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता, तुकोबा आपल्याला कधी दिसणार नाहीत. शेवटच्या ओळीत नाव येते, पण त्या नावाचा माणूस समोर येऊन बसेल अशी अपेक्षा कुणी धरीत नाही. आम्हां मुलांच्या मनात ‘वामन’ हे नाव असेच बसले होते. आमच्या वस्तीत ही गाणी रोज चालत. कोण म्हणत नव्हते? बायका नळावर म्हणत, गडी रुळावर काम करताना म्हणत, जयंतीच्या मिरवणुकीत तर म्हणतच. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी वामन. तो जुन्या काळचा कुणी संत असावा अशीच माझी समजूत होती. तो जिवंत आहे, नाशिककडचा आहे आणि गावोगाव हिंडून गातो हे मला बरेच उशिरा कळले.

माझे वडील छोट्या रेल्वेवर गँगमन होते. तरुण मंडळींनी ती गाडी पाहिलेली नसेल, म्हणून सांगतो. अडीच फूट रुंदीचा तो रूळ. कुर्डुवाडीहून बार्शीला ती गाडी १८९७ साली सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, येडशी निजामाच्या. त्यामुळे तिकिटाबरोबर राज्यही बदलत असे. उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, तेव्हा रेल्वे नव्हती. तिथल्या माणसाला गाडी धरायची तर येडशीला यावे लागे. आता मोठा रूळ झाला, धाराशिवला स्टेशन झाले, आणि आपला तो मान गेला. असो. याच मार्गावरच्या बार्शीत १९१६ साली अमर शेखांचा जन्म झाला, आणि याच मार्गावर पलीकडे कसबे तडवळे आहे, जिथे १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. माझे आजोबा त्या परिषदेला पायी गेले होते. बाबासाहेब काय बोलले ते त्यांना शब्दशः सांगता येत नसे, पण आपण कुठे उभे होतो ती जागा ते दाखवीत.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. पोटासाठी मुंबईला आले, गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले. वीस वर्षांचे होईपर्यंत त्यांना अक्षर येत नव्हते. चाळीतल्या एका माणसाने त्यांच्याकडे पत्र वाचायला दिले आणि ते वाचता येईना, याची त्यांना अतोनात लाज वाटली, असे त्यांच्या चरित्रात येते. मग एका मास्तरांकडून ते बाराखडी शिकले आणि रस्त्याने जाताना दुकानांवरच्या पाट्या जुळवून जुळवून वाचू लागले. पाटी हीच त्यांची पाठ्यपुस्तके. १९४३ च्या मे महिन्यात त्यांनी पहिले गाणे रचले, तेही सिनेमातल्या एका चालीवर, विडंबनाचे. पुढे जे रचले ते हजारांत मोजावे लागते. १९७० नंतर ‘वाटचाल’, ‘मोहोळ’ असे त्यांचे संग्रह निघाले; पण आमच्या भागात त्यांची गाणी पुस्तकातून आली नाहीत. पुस्तके आली तेव्हा गाणी इथे आधीच पोचलेली होती.

१९८२ च्या उन्हाळ्यात, रुळाच्या पलीकडच्या एका गावी त्यांचा कार्यक्रम ठरल्याची बातमी आली. वडिलांनी त्या दिवशी पाळी बदलून घेतली. आम्ही संध्याकाळी चालत निघालो, आणि पोचलो तो आधीच दीडदोन हजार माणूस जमलेला. बैलगाड्या सोडलेल्या, बायका लेकरे घेऊन पुढे बसलेल्या, लिंबाच्या झाडाला कर्णा बांधलेला. आधी भाषणे झाली. भाषणे लांबली. तो काळ नामांतराचा होता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला, पाठोपाठ गावोगाव घरे जळाली, आणि ते नाव लागायला जानेवारी १९९४ उजाडला. त्या मधल्या सोळा वर्षांत अशा प्रत्येक सभेत सांगण्यासारखे पुष्कळ असे. लोक ऐकत होते, पण नजर सारखी स्टेजच्या कडेला जाई.

अकराच्या पुढे पेटी उघडली. मी काय पाहण्याची अपेक्षा केली होती, ते आज मला नीट सांगता येणार नाही. कुणीतरी भव्य, एवढेच. प्रत्यक्षात जो माणूस पुढे येऊन बसला तो आमच्या वस्तीतल्या कुठल्याही प्रौढ माणसासारखा होता. शेजारी ढोलकी, मागे दोनतीन जण कोरसाला. माझ्या बाजूच्या एका म्हाताऱ्याने वडिलांना विचारले, “हाच का रं वामन?” वडील म्हणाले, “हाच.” आणि दोघेही गप्प झाले.

गाणे सुरू झाले आणि एक मौज झाली. आमच्या वस्तीत म्हणत त्या गाण्यात एक शब्द वेगळा होता. कवीने स्वतः म्हटलेला शब्द जरा कठीण, जरा खरखरीत. आमचा शब्द गुळगुळीत झालेला, म्हणायला सोपा. तोंडातोंडी फिरताना नाण्यावरचा ठसा झिजतो तसा तो झिजला असणार. दुसऱ्या खेपेला ते धृपद आले तेव्हा निम्मी सभा आमच्याच शब्दाने म्हणत होती, कर्त्याच्या समोर, निःशंकपणे! मला त्या वयात हे फार उद्धट वाटले. आज तसे वाटत नाही. पण अर्थाच्या दृष्टीने त्यांचाच शब्द योग्य होता हे मी आजही म्हणेन. आमच्या शब्दाने त्या ओळीतला राग काढून टाकला होता.

आणि मग शेवटचे कडवे. वामन हे नाव ज्या ओळीत येते ती ओळ. ते नाव आजवर आम्ही शेकडो वेळा उच्चारलेले. पण तो माणूस समोर बसून स्वतःचे नाव तिसऱ्याच कुणाचे असावे तसे घेतो, हे ऐकताना सभेत एक चमत्कारिक शांतता झाली. क्षणभरच. कारण लगेच ती ओळ लोकांनी उचलली, आणि वामन हे नाव त्याला सोडून बाकी सर्वांच्या तोंडी झाले. बायकांचे आवाज सर्वांत वर होते. मी वडिलांकडे पाहिले. ते डोळे मिटून म्हणत होते.

मला त्या वेळी जे उमगले नाही आणि पुढे नोकरीत लागल्यावर उमगले ते आता सांगतो. वडील पगाराच्या पत्रकावर अंगठा देत. डाव्या हाताचा अंगठा, निळी शाई, आणि तो पुसायला एक कळकट चिंधी. त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांचे हेच. अंगठा ज्याचा त्याचाच असतो, पण अंगठ्याला नाव वाचता येत नाही. अशा लोकांतला एक माणूस विसाव्या वर्षी अक्षर शिकतो आणि त्यानंतर जे जे रचतो त्याच्या शेवटी आपले नाव मांडतो. संतांनी नाव घातले ते देवापुढे लीन होऊन. उस्तादांनी तखल्लुस घातला तो थोडा मिरवीत. वामनदादांचे नाव मला या दोन्हींत बसत नाही. ती सही आहे. आणि जे लोक ती म्हणत होते, ते आपल्यातल्या एकाची सही मोठ्याने वाचत होते. ओवीत स्वतःचे नाव न घालणाऱ्या बायकांचे आवाज त्या ओळीला सर्वांत वर का गेले, याचा उलगडा मी तरी असाच करतो.

त्यांच्यावर आक्षेप घेणारे विद्वान होते. सिनेमाच्या चालीवर रचना केली तर ती कविता कशी, हा मुख्य आक्षेप. मला त्यात फार अर्थ दिसत नाही. ज्याला चाळीत आणि खेड्यात पोचायचे आहे त्याने लोकांच्या कानात आधीच असलेली चाल घेतली तर निम्मा रस्ता फुकट चालून होतो. सत्यशोधकांच्या जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला तो याच हिशेबाने. पण भक्ताने आंधळे होऊ नये. त्यांची सगळीच गाणी सारख्या तोलाची नाहीत. काही प्रसंगापुरती आहेत, प्रसंगाबरोबर संपली. जिथे ते एखाद्या घरातली चूल, एखादी बाई, एखादे लेकरू डोळ्यांपुढे आणतात तिथे ते मोठे कवी होतात, आणि जिथे नुसती घोषणा करतात तिथे त्यांच्या जागी दुसरा कुणीही चालला असता.

पहाटे कार्यक्रम संपला. बिदागी वस्तीने गोळा केलेली, चिल्लर जास्त. अशा बिदागीवर हा माणूस उभा जन्म हिंडला. १९९३ मध्ये वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि १५ मे २००४ रोजी नाशिकला ते गेले.

मधल्या काळात कॅसेट आली. कॅसेटने गाणे घरोघर नेले, हा उपकार मान्य केला पाहिजे. पण मी बाजारातून आणलेल्या एका कॅसेटमध्ये एक आवडते गाणे लावले आणि ते शेवटच्या कडव्याच्या आधीच संपले. वेळ वाचवायला काढले असेल, किंवा कडव्यात नाव आहे म्हणूनच काढले असेल. वेष्टनावर गायकाचे नाव ठळक, कवीचे कुठेच नाही. वडील म्हणाले, “संपलं? आन् वामन?” त्यांनी ती कॅसेट पुन्हा लावू दिली नाही. पुढची मुले मात्र त्याच कॅसेटवरून गाणे शिकली, आणि आज जयंतीला ती तसेच म्हणतात, शेवटाविना. कुणाचे गाणे असे विचारले तर गायकाचे नाव सांगतात किंवा ‘आपलंच’ म्हणतात. ‘आपलंच’ हे उत्तर कानाला गोड आहे. पण पगारपत्रकावरची सही पुसली आणि पुन्हा अंगठाच उरला, तर तो कुणाचा हे विचारणारा कुणी राहत नाही.

वडिलांसाठी मी एक वही केली होती, दोनशे पानी. त्यांना येत होती ती गाणी त्यांनी सांगायची, मी लिहायची. चौसष्ट गाणी झाली. अकरांचे शेवटचे कडवे त्यांना आठवेना. त्यांच्या पश्चात मी ती कडवी शोधतो आहे. काही पुस्तकांत सापडली, काही जुन्या गायन पार्टीतल्या मंडळींकडून मिळाली. चार अजून राहिली आहेत. त्या चार गाण्यांची धृपदे मी आज कागदावर लिहून आणली आहेत. सभा आटोपल्यावर तडवळे, ढोकी, मुरूडकडून आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी, विशेषतः आयाबहिणींनी, थोडे थांबावे ही विनंती. लिहिता येण्याची गरज नाही, म्हणून दाखवले तरी पुरे. मी वही घेऊन पलीकडे त्या खांबापाशी बसतो.