घरच्या इस्त्रीवर विद्युत्-फलक



ज्या यंत्रांतून माझा आवाज आपल्या दिवाणखान्यांत येत आहे, त्याची पाठ उघडली तर आंत तारांचा गुंता बहुधा दिसणार नाहीं. दिसेल ती एक फळी आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा. व्हिएन्नांत जन्मलेल्या पॉल आइस्लर यानें या युक्तीच्या पेटंटासाठीं १९४३ सालीं इंग्लंडांत अर्ज केला. अशी फळी कारखान्यांत अधिक सुबक होते, हें मी प्रथमच कबूल करतों. परंतु सकाळीं सुचलेली जुळणी संध्याकाळीं हातांत घेऊन तपासावी आणि चुकल्यास रात्रीं पुन्हां करावी, ही सोय घरींच.

लेसर छापयंत्रांतील टोनर म्हणजे शाई नव्हे. ती रंगविलेल्या प्लॅस्टिकची भुकटी आहे. कागदावर ती उष्णतेनें वितळून बसते, आणि पुन्हां तापविली कीं पुन्हां मऊ होऊन तांब्यास चिकटते. जें द्रावण तांबें खातें, त्याचें या प्लॅस्टिकपुढें कांहीं चालत नाहीं. सारी विद्या एवढीच. फवाऱ्याच्या शाईचें छापयंत्र येथें निरुपयोगी.

आराखडा गुळगुळीत, चकचकीत मासिकाच्या कागदावर छापावा. (मासिकांचा हा उपयोग संपादकांस रुचेल कीं नाहीं, सांगवत नाहीं.) फळी घासणीनें लखलखीत करून अ‍ॅसिटोननें पुसावी; मग तिला बोटहि लावूं नये, कारण बोटाचा तेलकटपणा टोनरला धरूं देत नाहीं. कागद पालथा घालून वाफ बंद केलेली कडक इस्त्री तीन-चार मिनिटें दाबून फिरवावी. फळी निवूं द्यावी, पाण्यांत भिजत ठेवावी आणि कागदाचा लगदा अंगठ्यानें हळूहळू चोळून काढावा. कागद ओढला कीं रेषा तुटल्याच! एखादी तुटली तर पक्क्या शाईच्या लेखणीनें जोडावी. अनेक तुटल्या तर सर्व पुसून नव्यानें आरंभ करावा. या पायरीपर्यंत फक्त कागद वायां जातो. पुढें तांबेंच जातें.

माझी पहिली फळी मात्र निराळ्याच कारणानें फसली. आराखडा उलटा छापावा, एवढें मीं ऐकलें होतें. संगणकानें खालची बाजू मुळांतच उलटी दाखविली होती. ती मीं आणखी एकदां उलटविली. फळी देखणी झाली, पण आठ पायांच्या चिपेचे सारे पाय भलत्याच जागीं! आतां मी आराखड्याच्या कोपऱ्यांत एक अक्षर घालतों. तें कागदावर उलटें आणि तांब्यावर सुलटें दिसलें पाहिजे.

तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाहूनहि पातळ असतो. फेरिक क्लोराइडच्या द्रावणांत उघडें तांबें विरघळून जातें आणि टोनरखालचें राहतें. भांडें कांचेचें किंवा प्लॅस्टिकचें घ्यावें, धातूचें कधींहि नको. हातमोजे व चष्मा हवाच, खिडकीहि उघडी हवी. नंतर फळी धुवून अ‍ॅसिटोननें टोनर पुसावा, छिद्रें पाडावीं, आणि कथलाचा डाख द्यावा.

राहिलें तें वापरलेलें द्रावण. तें मोरींत ओतूं नये. तें धातूचे नळ खातें, आणि त्यांतील तांबें पुढें पाण्यांतील जीवांस विषासारखें बाधतें. तें अनेक वेळां वापरतां येतें. निकामी झाल्यावर प्लॅस्टिकच्या घट्ट बाटलींत भरून घातक कचरा घेणाऱ्यांकडे सोंपवावें. तोंपर्यंत बाटलीवर ठळक नांव लिहून ती कुलपांत ठेवावी. सरबताची जुनी बाटली मात्र मुळींच घेऊं नये. द्रावणाचा रंग थेट काढ्यासारखा असतो, आणि घरांत मुलें असतात.