उत्तर काढू नका, माहिती पुरेशी आहे का ते बघा



इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका कंपनीच्या लेखी परीक्षेत मी नापास झालो. गणित येत नव्हतं असं नाही. प्रत्येक गणित शेवटपर्यंत सोडवत बसलो आणि वेळ संपला.

तुमच्यापैकी बरेच जण बँकेच्या परीक्षा, कॅट, जीमॅट देणार आहेत. तिथे डेटा सफिशियन्सीचे प्रश्न येऊ शकतात. त्यात उत्तर मागतच नाहीत. एक प्रश्न, दोन विधानं, आणि विचारणा एवढीच : या माहितीवर एकच ठाम उत्तर मिळतं का?

वर्गसमीकरण आलं की आपण इथे दोन प्रकारे फसतो. सुमारे १२०० वर्षांपूर्वी बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मींनी बीजगणितावरच्या ग्रंथात घेतलेलं उदाहरण बघा : क्ष² + २१ = १०क्ष. इथे ३ चालतो आणि ७ही चालतो. दोन्ही उत्तरं त्यांनी दिली आहेत. 'क्ष किती?' असा प्रश्न असेल तर हे विधान अपुरं. घाईत ३ सापडला की आपण 'पुरेसं'वर खूण करून मोकळे होतो. ही पहिली चूक.

दुसरी चूक माझी. 'दोन मुळं म्हणजे अपुरं' असं मी पाठच केलं होतं. पण प्रश्न 'क्ष सम आहे का?' असा असेल तर? ३ विषम, ७ही विषम. उत्तर ठाम 'नाही'. म्हणजे माहिती पुरेशी! ठाम 'नाही' हेसुद्धा उत्तरच असतं.

त्यांचंच दुसरं उदाहरण : क्ष² + १०क्ष = ३९. मुळं ३ आणि −१३. क्ष ही खोलीची लांबी असेल तर −१३ बाद, माहिती पुरेशी. क्ष नुसती संख्या असेल तर अपुरी.

आता पहिल्या समीकरणासोबत दुसरं विधान घ्या : क्ष² − ५क्ष + ६ = ०. यातून २ किंवा ३ मिळतात. एकेकटं विधान क्ष सांगत नाही, दोन्ही मिळून सांगतात : ३.

म्हणून सराव करताना आधी प्रश्न नेमकं काय विचारतो ते लिहा. क्ष ऋण असू शकतो का ते बघा. मगच मुळांकडे वळा. कधी कधी मुळं काढावीही लागत नाहीत. विवेचक शून्य आला की मूळ एकच, तिथेच थांबा.

आज नोकरीत कोड लिहिण्याआधी मी हेच विचारतो : हातात आहे तेवढ्यावर काम होईल का? तेव्हा हे कुणी सांगितलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगितलं.