गोविंदाचे वय कोणते असावे?

गोपाळकाल्याच्या दिवशी ठाण्याच्या टेंभी नाक्यापासून कल्याण-डोंबिवलीच्या चौकांपर्यंत जे मानवी मनोरे उभे राहतात, त्यांच्या शिखरावर, वजनाने हलके म्हणून, बहुधा एखादे बालकच चढविले जाते; आणि म्हणूनच त्या बालकाचे किमान वय कोणते असावे, हा प्रश्न न्यायासनापुढे गेला.

2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालील मुलांना मनाई केली.

पुढे अपिले झाली.

2017 साली, 14 वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही, ही शासनाची हमी उच्च न्यायालयाने मान्य केली.

मग 18 योग्य, की 14?

श्रोतेहो, कायद्याने सर्व बाबींसाठी एकच वय मुक्रर केलेले नाही. मतदानाचा हक्क आज 18व्या वर्षी मिळतो. 1989पूर्वी तो 21व्या वर्षी मिळत असे. मुलाच्या विवाहास मात्र अजूनही 21 वर्षे पूर्ण व्हावी लागतात.

माझे मत स्पष्ट आहे. हक्क देताना उदार असावे. जोखीम सोपविताना सावध असावे. ज्या मुलाची करारनाम्यावरील सही कायदा ग्राह्य धरीत नाही, त्याने वडीलधाऱ्यांच्या आग्रहाखातर दिलेला होकार, प्राणाशी गाठ असलेल्या साहसासाठी, ग्राह्य कसा धरावा?

मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती एवढीच, की सरावाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक गोविंदाचा जन्मदाखला पाहावा.

पुन्हा सांगतो: हक्क देताना उदार असावे, जोखीम सोपविताना सावध असावे.