भोवळ का येते?



दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातील लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात ऊसतोडीस जातात. वाकून ऊस बुडाशी तोडावा, उठावे, डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे चालावे, हा त्यांचा दिवसभराचा क्रम. माणूस उठून उभा राहतो यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. नवल आहे, आणि तेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

निजलेला माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात व पायांत उतरते. वाकून उठणाऱ्याचेही थोडेफार तसेच होते. तरी मेंदूचा पुरवठा तुटत नाही. कारण मानेतील रोहिणी जेथे दुभंगते तेथे, आणि हृदयाजवळच्या महारोहिणीच्या कमानीत, रक्ताचा ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोके आहेत. मानेतील ही चौकी हेरिंग या शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात उजेडात आणली. दाब उतरल्याची वर्दी मेंदूच्या बुंध्यातील लंबमज्जेकडे जाते. ती दोन हुकूम सोडते: हृदयावरचा लगाम सैल करा, रक्तवाहिन्या आवळा. काही ठोक्यांतच तोल सावरतो. घरी निजून नाडी मोजावी, मग उभे राहून मोजावी; मिनिटाला १० ते २० ठोके वाढलेले बहुधा आढळतील.

परंतु उन्हात घामावाटे पाणी गेलेले असते, कातडीतील रक्तवाहिन्या फुललेल्या असतात. मग हुकूम सुटूनही रक्त पुरत नाही. कधी तर लंबमज्जेचा हुकूमच उलटा निघतो. लगाम एकाएकी आवळतो, वाहिन्या सैलावतात आणि माणूस कोसळतो.

कोसळला की डोके हृदयाच्या पातळीस येते आणि रक्त मेंदूकडे वळते. निसर्गाचा हा उपाय आपण मोडतो: गर्दी करतो, काखेत हात घालून बसवतो, कांदा फोडून नाकाशी धरतो, तोंडात पाणी ओततो. तसे न करता त्यास सावलीत आडवे ठेवावे, पाय उंच करावेत, शुद्धीवर आल्यावरच पाणी द्यावे. अंग तापून तो बरळत असेल, तर पाणी मारून, वारा घालून अंग थंड करीत तत्काळ दवाखाना गाठावा.

खाडा पडेल या भयाने भोवळ अंगावर काढणाऱ्या मायबहिणी आपल्याच गावच्या आहेत. लंबमज्जा आपले काम न सांगता करते. तिला पाणी, सावली आणि घटकाभर विसावा मिळेल, हे पाहणे मुकादमाचे, कारखान्याचे आणि आपणां सर्वांचे काम आहे.